भाचीचं बीएस्सी

आज भाचीला घेऊन पुण्यात पाषाणच्या आयसरला, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत जाऊन आले. पोरीला फिजिक्सच करायचंय. तिथे शिकणारी एक ओळखीची मुलगी भेटली, तिने प्रॅक्टिकलची वहीच उघडून दाखवली. एका आलेखावर काट मारून खाली लिहिलेलं, ‘वायर सैल होती, पुन्हा मोजलं.’ भाची त्या पानावरून हलेना!

आयसरला पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्रच; प्रवेश त्यांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेवर. मुंबईत कालिन्याला सीईबीएस हे असंच मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे, त्याला नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नीट-जेईईच्या धबडग्यात हे कितीतरी घरांपर्यंत पोचतच नाही, याचं फार वाईट वाटतं. फर्ग्युसनचाही फॉर्म भरू, चांगलंच कॉलेज आहे. पण कॉलेज ठरवताना आधी प्रयोगशाळा बघा हो, कटऑफ नंतर. तिच्या बाबांशी आज रात्री मीच बोलणार आहे.