तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फावरचा तो खेळ

वरुड तालुक्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यात राहणारा, बर्फाचा डोंगर आयुष्यात एकदाही न पाहिलेला माणूस बर्फावरून फळीने घसरण्याचा खेळ इतकी वर्षे का खेळतो, आणि त्या वर्षीच्या गारपिटीनंतरही त्याने तो का सोडला नाही, हे मला लग्नकार्यात, बाजाराच्या दिवशी आणि घरातल्या घरात इतक्या वेळा विचारले गेले आहे की एकदा नीट लिहून टाकावे असे वाटते. तोंडी उत्तर देताना मी दर वेळी चिडतो आणि अर्धेच बोलतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मामेभावाने २०१० साली त्याची जुनी पीएसपी, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, मला दिली आणि तिच्यासोबत 'एसएसएक्स ऑन टूर' या बर्फावरच्या खेळाची एकच चकती होती. शेतीपंपाची लाइन रात्रपाळीची असली की मोटार चालू करायला वावरात जाऊन बसावे लागे. लाइन येई, अर्ध्या तासात जाई, पुन्हा कधी येईल ते सांगता येत नसे. दिवसा उन्हात त्या यंत्राच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. रात्री झोपडीत मात्र तो सव्वाचार इंची पडदा लख्ख दिसे आणि आतल्या चकतीची घरघर हाताला जाणवे. त्याच वेळी शेजारच्या वावरात कोणी मोबाइलवर पत्ते खेळत बसलेला असे, त्याला कोणी काही विचारल्याचे मला आठवत नाही.

हा आपल्याकडचा खेळ नाही, असेही मला ऐकवले जाते. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या माणसाने आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली, आणि त्या फळीचा खेळ १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिंपिकमध्ये गेला. पोरींसाठी घरी केलेली वस्तू होती ती. ती कोणाची आणि कोणाची नाही, हे ठरवायला मी बसणार नाही.

पूर्वी मी आणखी एक उत्तर देत असे. खेळात उताराच्या कडेला आले की दाबून धरलेले बटण नेमक्या क्षणी सोडायचे, हवेत गिरकी घ्यायची आणि जमिनीला टेकण्याआधी फळी सरळ आणायची. गिरकी अपुरी राहिली तर खेळाडू तोंडावर पडतो, पुरी झाली तर वेगाची पट्टी भरते. मी म्हणत असे की आमचे सगळे पाऊस, भाव आणि लाइन यांच्या हातात असते, या खेळात मात्र पडलो तर चूक माझी असते, म्हणून मला तो आवडतो. ऐकणाऱ्याला हे पटत असे. आज मला ते अपुरे वाटते, कारण मला खरोखर आवडत होता तो पांढरा रंग. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत करपलेले धुरे पाहून आल्यावर मी केवळ त्या पांढऱ्या उतारांसाठी यंत्र चालू करत असे.

आता ती गारपीट. मार्च २०१४ मधली गोष्ट आहे. मृग बहाराची फळे झाडांवर होती, व्यापाऱ्याने इसार दिला होता आणि तोडा चार दिवसांवर आला होता. हरभरा सोंगून त्याची गंजी घातलेली होती. दुपारी चारच्या सुमारास सातपुड्याच्या बाजूने आभाळ काळे होऊन आले. मी झोपडीत खेळत होतो. बाबांनी पलीकडच्या धुऱ्यावरून हाक मारली, "गंजीवर ताडपत्री टाक रे!" मी "टाकतो" म्हणालो. ती उतरण संपायला दोनेक मिनिटे उरली होती.

खेळ मध्येच थांबवता येतो, एक बटण दाबले की पुरते. हे मला तेव्हाही माहीत होते. मी थांबवला नाही. शेवटची उडी मला इतकी सुरेख साधली की त्या उतरणीवरचा माझा सर्वांत मोठा आकडा त्या दिवशी लागला, आणि तो पडद्यावर झळकत असतानाच पत्र्यावर पहिली गार वाजली.

ताडपत्री वाऱ्याने हातातून ओढून नेली. बाबा डोक्यावर घोंगडे धरून धावत आले, दोघांनी मिळून ती पुन्हा धरली, पण तोवर गंजी भिजली होती आणि गारांचा मार सहन होईना, म्हणून आम्ही पत्र्याखाली परतलो. वीसेक मिनिटांनी आवाज थांबला. फाटलेल्या पानांचा आणि फुटलेल्या सालींचा वास इतका दाट होता की बाहेर येण्याआधीच बागेचे काय झाले ते कळले. झाडांखाली संत्री पडली होती आणि त्यांच्या भोवती, धुऱ्यापर्यंत, सगळी जमीन पांढरी झाली होती.

मला आनंद झाला. एक क्षणभर झाला, पण झाला, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मी चपलेचा पाय त्या पांढऱ्यावर ठेवून पुढे सरकवला, अगदी फळी सरकवावी तसा, आणि बहुधा हसलो. वर पाहिले तर बाबा माझ्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "पाय घसरला काय रे? सांभायून चाल." मी हो म्हणालो.

नंतर मी वाचले की हिम वाफेचेच स्फटिक होऊन भुरभुरत खाली येते, आणि गार मात्र वादळी ढगात वर चढणाऱ्या वाऱ्यावर गोठत, थरावर थर चढवत वाढते. मी ज्यावर पाय सरकवला ते माझ्या खेळातले बर्फ नव्हतेच. या माहितीचा मला काही उपयोग झाला नाही.

बाग माझ्यामुळे गेली, असे जे बोलतात त्यांना मी स्पष्ट सांगतो की झाडावरच्या संत्र्यांना कोणतीही ताडपत्री वाचवू शकत नव्हती. व्यापाऱ्याने इसार परत नेला त्याला मी कारण नव्हतो. हरभऱ्याची तीन पोती काळी पडली, ती मात्र माझी. तेवढा हिशेब मी मान्य करतो, त्याहून जास्त नाही. दोन मिनिटे आधी उठलो असतो तरी त्या वाऱ्यात ताडपत्री टिकली असती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि उत्तर माझ्या सोयीचे येऊ लागले की विचारणे थांबवतो.

दिवाळीपर्यंत मी यंत्राला हात लावला नाही. मग रात्रपाळी आली, लाइन गेली, आणि मी ते चालू केले. का, तर अंधारात बसून त्या हरभऱ्याचा विचार करणे मला झेपत नव्हते. हे पुरेसे कारण आहे असा माझा दावा नाही.

तो आकडा अजून कार्डात आहे. बाकी सगळ्या उतरणींवरचे आकडे मी नंतर मोडले, तेवढा एक राहिला. तो मोडू नये म्हणून मी मुद्दाम हात आखडतो का, हे मला शेवटच्या उडीपाशी येऊनही ओळखता येत नाही. बाबा संध्याकाळी अंगणात खाटेवर बसलेले असतात. त्या दिवशी त्यांना खरेच माझा पाय घसरला असे वाटले होते का, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.