ट्रायकोकार्ड ते चिलटांची बाटली: आमची वाटचाल

आमच्या शेडच्या दारावर अजूनही 'ट्रायकोकार्ड मिळेल' अशी पाटी आहे. कार्डांचं काम आता थोडंच उरलंय. आता आम्ही मुख्यतः प्रार्थना कीटक (पुढचे पाय जोडून बसणारा शिकारी किडा) पाळणाऱ्यांसाठी खाद्याचे किडे वाढवून विकतो. पण आम्ही तिथूनच आलो, म्हणून पाटी काढावीशी वाटत नाही.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात कपाशी करणाऱ्याला ट्रायकोकार्ड समजावून सांगावं लागत नाही. तांदळावरच्या पतंगाची, म्हणजे कॉर्सायराची, अंडी कार्डावर चिकटवायची आणि त्यात ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक गांधीलमाशीला अंडी घालू द्यायची. कार्ड कपाशीच्या पानाला टाचलं की त्यातून निघालेल्या माश्या बोंडअळीची अंडी शोधून त्यात आपली अंडी घालतात, आणि अळी जन्मालाच येत नाही. एक सीसी अंडी म्हणजे 18 ते 20 हजार. तेवढी रोज मिळवायची तर पतंग सतत वाढवावा लागतो. ते काम मी आणि माझ्या बायकोने बरीच वर्षं केलं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि कार्डं जागच्या जागी अडकली. पतंगांना मात्र टाळेबंदी नव्हती. अळ्यांसाठी धान्याची पेटी भरल्यापासून 40-45 दिवसांनी पतंग निघू लागतात आणि पुढे कित्येक आठवडे निघतच राहतात. त्याच दिवसांत आमच्या लिंबाच्या झाडावर एका प्रार्थना कीटकाची अंडीपेटी फुटली. शंभराच्या वर पिल्लं, दोऱ्याला लोंबकळल्यासारखी. मुलीने त्यातली वीस वेगवेगळ्या बरण्यांत ठेवली, कारण एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात. मग तिने विचारलं, "पप्पा, यांना काय घालू?"

पतंग या पिल्लांना फार मोठा पडत होता. नुकतं जन्मलेलं पिल्लू सेंटिमीटरभराचंही नसतं. त्याच्या निम्म्या लांबीपेक्षा मोठा किडा त्याच्यासमोर ठेवू नये, हे आम्ही पुढे शिकलो. तेव्हा केळीचा घड कामाला आला. जास्त पिकलेल्या केळ्यांवर चिलटं जमतात, ती अडीच-तीन मिलिमीटरची. पिल्लं त्यांच्यावर अशी झडप घालायची की मुलगी तासन् तास बरण्यांसमोर बसून राहायची. दोन-तीनदा कात टाकून पिल्लं मोठी झाली आणि मग आमचे पतंग खाऊ लागली. शेजारचे आप्पा शेडमध्ये डोकावून म्हणाले, "आते किडा इकाले लागना का रे भो?" तोवर विकायचा विचारही नव्हता. त्यांनी विचारल्यावर तो मनात आला.

ऑगस्टमध्ये मोठा फटका बसला. पतंग कमी पडले म्हणून मुलीने बांधावरून जाळीने तुडतुडे आणि बारीक पतंग पकडून आणले. दुसऱ्या दिवशी सहा कीटकांचे पाय थरथरत होते, संध्याकाळपर्यंत ते उलटे पडले. शेजारच्या कपाशीवर आदल्याच दिवशी फवारणी झालेली होती. मुलगी दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून शेतातून किंवा दिव्याखालून पकडलेला एकही किडा आम्ही खाद्य म्हणून देत नाही आणि कुणाला देऊही देत नाही. किड्याच्या पोटात काय गेलंय ते वरून पाहून कळत नाही. शिवाय रानातल्या किड्यांमध्ये परजीवीही असतात.

आमचा पतंग काय खातो, हे मात्र आम्ही सांगू शकतो. हा पतंग मोठा झाल्यावर काहीच खात नाही. अळी असताना खाल्लेलं तेवढंच त्याच्या अंगात असतं, त्यामुळे धान्य खराब असेल तर नंतर सुधारायला वाव नाही. आम्ही कीडनाशकाची धुरी न दिलेली ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडून खळ्यावरून घेतो, भरडतो, भट्टीत तापवतो आणि शेंगदाण्याचं कूट व यीस्ट मिसळून पेटीत अडीच किलो भरतो. कार्डांच्या पेट्यांत गंधक आणि प्रतिजैविक घालायची पद्धत आहे. खाद्याच्या पेट्यांत आम्ही ते बंद केलं. त्यामुळे काही पेट्या बुरशीने जातात. जाऊ देतो.

चिलटांची गोष्ट वेगळी. उडणारी चिलटं घरात सांभाळणं कठीण, म्हणून एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातून आखूड पंखांची जात आणली. केळं, गूळ, यीस्ट आणि थोडा व्हिनेगर एवढ्यावर ती वाढते. केळ्याचा लगदा आधी उकळून घ्यायचा, नाहीतर त्यातून रानटी चिलटांची अंडी बाटलीत येतात. 25 अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मे महिन्यात बाटल्यांमध्ये लांब पंखांची चिलटं दिसायला लागली. रानटी नर शिरले असं समजून मी चाळीस बाटल्या फेकायला काढल्या. कॉलेजच्या मॅडमनी फोनवर थांबवलं. म्हणाल्या, "दादा, खोलीचं तापमान किती आहे?" एकतीस होतं. त्यांनी सांगितलं की या जातीचे पंख उष्णतेत लांब वाढतात. त्याच चिलटांची पिल्लं गारव्यात वाढवून बघा. पंख पुन्हा आखूड आले तर जात शुद्ध आहे, लांबच राहिले तर संकर झालाय. आम्ही तसं केलं. पंख आखूड आले. बाटल्या वाचल्या, आणि तीस अंशांच्या वर नर वांझ होतात हेही त्याच वेळी कळलं.

रातकिडे पुष्कळ जण मागतात. आम्ही ते फक्त मोठ्या कीटकासाठी, एका वेळी एक, आणि न खाल्लेला लगेच काढून घ्या असं बजावून देतो. प्रार्थना कीटक उलटा लटकून कात टाकतो. त्या वेळी तो हलू शकत नाही आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडतो. कात टाकायच्या आधी तो खाणं सोडतो. तेव्हा बरणीत काहीच ठेवू नये. चिलट किंवा पतंग त्याला चावत नाही, म्हणून आमचा भर त्यांच्यावर. आणखी एक गोष्ट प्रत्येक पार्सलवर लिहितो: त्या खोलीत डासांचं मशीन लावू नका. एका ग्राहकाच्या सगळ्या बाटल्या एका रात्रीत मेल्या होत्या आणि तो आम्हाला दोष देत होता. बोलता बोलता मशीनचा विषय निघाला.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि वीजही जाते. आता एप्रिल लागला की चिलटांच्या बाटल्या शेडमधून आईच्या जुन्या धाब्याच्या घरात हलतात. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं छत, दाराला ओलं गोणपाट आणि वीज असेल तेव्हा कूलर. आई स्वतः गोणपाटावर पाणी मारते आणि थर्मामीटर बघून आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवते. तिथे 28 च्या वर गेलं की ती फोन करते. 15 एप्रिलपासून पहिला पाऊस पडेपर्यंत आम्ही कुरियरने काही पाठवत नाही. ज्यांच्याकडे पिल्लं आहेत त्यांनी मार्चमध्येच दोन बाटल्या नेऊन स्वतःची पिढी सुरू करावी. कशी करायची ते फोनवर सांगायला मुलगी तयार आहे, तिची बारावी संपलीय.