तीनशे वॉटचा उतारा

मुलाने गिटारचा अॅम्प टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, ट्यूब गेल्यात बहुतेक. आवाज आहे, पण आत जीवच नाही."

व्हॉक्स कंपनीचा एसी-३०. मी वाजवून पाहिला. नोट येत होती, पण बोथट. स्ट्रिंग जोरात छेडली तरी ती चिडायचीच नाही. ट्यूब तपासल्या, आवाजाला ताकद देणाऱ्या चारही पॉवर ट्यूब ठणठणीत. मग स्पीकरची वायर काढून मीटरने रेझिस्टन्स (विद्युतरोध) मोजला. ४.३ ओहम. या अॅम्पमध्ये सोळा ओहमचे दोन ग्रीनबॅक, म्हणजे पंचवीस वॉटचे गिटार स्पीकर, समांतर असतात; मिळून आठ ओहम, आणि मीटर त्याहून थोडं कमी दाखवतो, म्हणून साडेसहाच्या आसपास दिसायला हवं. मागची फळी उघडली तर एक ग्रीनबॅक आणि शेजारी पीएचा (सभा-समारंभाच्या साउंड सिस्टीमचा) आठ ओहमचा, ३०० वॉटचा धिप्पाड स्पीकर!

जुना फाटल्यावर एका दुकानदाराने हा बसवला होता, "आता आयुष्यभर फुटणार नाही" म्हणून. फुटला नसताच. पण आठ ओहमचा असल्याने सोळावाल्याच्या दुप्पट ताकद तोच ओढत होता, आणि त्याचा कडक, जड कोन (पुढचा हलणारा शंकू) गिटारच्या कामाचाच नव्हता. गिटारच्या स्पीकरच्या कोनाचा कागद पातळ, हलका असतो. जोर आला की तो स्वतःच थोडा मुरडतो, आणि साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरची चरचर गाळून टाकतो. माझ्या मते गिटारचा अर्धा आवाज तिथेच घडतो.

"मग पंचवीस वॉटचाच परत लावायचा? उडणार नाही ना?" तो काळजीत. मी त्याला हिशेब मांडून दाखवला: अॅम्प तीस वॉटचा, प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला पंधरा. साठच्या दशकातले एसी-३० तर पंधरा वॉटच्या दोन निळ्या स्पीकरवर वाजायचे. व्हिंटेज ३० हा दुसरा गिटार स्पीकर लावू का, असंही त्याने विचारलं. चांगला स्पीकर आहे, पण तो जास्त मोठा वाजतो, शेजारचा ग्रीनबॅक दबला असता.

सोळा ओहमचा ग्रीनबॅक बसवला. दोन्ही कोन एकाच दिशेने हलतात का हे पाहायला नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवली, तर नवा कोन बाहेर आला, जुना आत गेला! असे उलटे हलले की ते एकमेकांचा आवाज खोडतात. मागच्या कामात तारा उलट्या जोडल्या होत्या. त्या बदलल्या, दोन्ही एकदम बाहेर आले.

त्याने ए मेजर कॉर्ड वाजवला, मग गिटारचा व्हॉल्यूम कमी केला. आवाज हळूहळू निवळत गेला. तो बराच वेळ तेच करत बसला.

निघताना सांगितलं, "पहिले काही तास मोकळेपणाने वाजव, नव्या कागदाला सैल व्हायला वेळ लागतो." पीएचा स्पीकर त्याने बरोबर नेला, मित्राच्या साउंड सिस्टीमसाठी.