वॉर्सातील ३ मे

१ मेचा कामगार दिन आणि ३ मेचा संविधान दिन यांना जोडून येणाऱ्या सुट्ट्यांना पोलंडमध्ये ‘मायूव्का’ म्हणतात, आणि नेमक्या याच दिवसांत वॉर्सा पाहण्याचा योग आला. बहुतेक दुकाने बंद होती, मात्र ट्रामच्या टपावरही पांढरे-लाल झेंडे फडकत होते.

ज्या राजवाड्यात १७९१ साली युरोपातील पहिले आधुनिक लिखित संविधान संमत झाले, तो १९४४ मध्ये नाझींनी सुरुंग लावून उडवला आणि १९७१ पासून पोलिश लोकांनी वर्गणी गोळा करून तो पुन्हा उभारला. नव्या भिंतींत मूळ वास्तूचे वाचलेले तुकडे बसवले आहेत. त्यांतल्या एका काळवंडलेल्या, कडा झिजलेल्या दगडावरून हात फिरवताना मला भरून आले.

दुपारी मुद्दाम वाट वाकडी करून कोल्हापूर स्मारकापाशी गेलो. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला होता. आपल्या मातीचे नाव इतक्या दूर, इतक्या कृतज्ञतेने जपलेले पाहून मी तिथे बराच वेळ हात जोडून उभा राहिलो.