सातव्या महिन्याची नोंद: इंग्रजी वाक्प्रचार आणि वर्तमानकाळाची रूपे

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की, माझ्या वहीत 120 इंग्रजी वाक्प्रचार अर्थांसह जमले आहेत. पण बोलण्याच्या ओघात त्यांतले जेमतेम 15 आपोआप तोंडी येतात. या महिन्यात त्याचे कारण माझ्यापुरते तरी स्पष्ट झाले. मी प्रत्येक वाक्प्रचार क्रियापदाच्या मूळ रूपात पाठ करत होते आणि वर्तमानकाळाचा सराव मात्र खाणे, जाणे, लिहिणे अशा साध्या क्रियापदांवर वेगळा करत होते. वाक्प्रचारातले क्रियापदही चालवावे लागते, आणि प्रत्येक वाक्प्रचाराला वर्तमानकाळाची सगळी रूपे सारखीच मानवत नाहीत, ही गोष्ट त्यामुळे माझ्या नजरेतून निसटली होती.

ती लक्षात आली एका चुकीमुळे. माझ्याबरोबर आठवड्यातून दोनदा सराव करणाऱ्या एका सहअध्यायींशी बोलताना ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे मला म्हणायचे होते, आणि मी ‘आय ॲम स्मेलिंग अ रॅट’ असे म्हणून गेले. त्यांनी लगेच थांबवले. इंग्रजीत हे ‘आय स्मेल अ रॅट’ असे साध्या वर्तमानकाळात म्हणतात. संशय त्या क्षणी चालू आहे, मराठीत आपण स्वाभाविकपणे ‘मुरते आहे’ असे चालू वर्तमानकाळाचे रूप वापरतो, तरी इंग्रजीत वास येणे, माहीत असणे, समजणे, मालकीचे असणे यांसारखी स्थिती सांगणारी क्रियापदे सहसा ‘आयएनजी’ प्रत्यय घेत नाहीत. हा नियम मला नोव्हेंबरपासून पाठ होता. मात्र ‘स्मेल अ रॅट’ हा सबंध ठोकळा मी एक शब्द समजून लक्षात ठेवला असल्याने त्याच्या पोटात ‘स्मेल’ हे स्थितिवाचक क्रियापद आहे, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते.

याच्या नेमके उलट उदाहरण दोन दिवसांनी सापडले. ‘माझी थट्टा करतोस काय?’ या मराठी वाक्यात क्रिया आत्ता घडत असूनही रूप साध्या वर्तमानकाळाचे आहे; इंग्रजीत मात्र इथे ‘आर यू पुलिंग माय लेग?’ असे चालू रूपच लागते, कारण ‘डू यू पुल माय लेग?’ याचा अर्थ ‘माझी थट्टा करण्याची तुला सवय आहे का?’ असा होऊ लागतो. ओघात सांगते, या वाक्प्रचाराचे शब्दशः मराठी रूप फसवे आहे: आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, आणि त्यात थट्टेचा लवलेशही नाही.

मग मी वही नव्याने लिहायला घेतली. वर्णानुक्रम सोडून दिला आणि प्रत्येक वाक्प्रचार ज्या रूपात सर्वाधिक भेटतो, त्या रूपातल्या पूर्ण वाक्यासह लिहिला. सर्वांत समृद्ध निघाला तो पूर्ण वर्तमानकाळाचा विभाग. ‘दॅट शिप हॅज सेल्ड’, ‘द टेबल्स हॅव टर्न्ड’, ‘शी हॅज बिटन ऑफ मोअर दॅन शी कॅन च्यू’ (झेपेल त्याहून जास्त काम तिने अंगावर घेतले आहे): या तिन्हींत घटना घडून गेली आहे, परंतु तिचा परिणाम आज समोर उभा आहे, आणि इंग्रजीला तो परिणाम ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ने दाखवायचा असतो. मराठीत आपण ‘वेळ निघून गेली’, ‘डाव उलटला’ असे साधा भूतकाळ वापरून मोकळे होतो, म्हणून माझ्या तोंडून ‘दॅट शिप सेल्ड’ येत राहिले. तिसऱ्या वाक्यात ‘बाइट’चे तिसरे रूप ‘बिटन’ आणि पुढे ‘कॅन च्यू’ असा दुहेरी पेच आहे. हे एक वाक्य बिनचूक यायला मला चार दिवस लागले.

म्हणींचा विभाग सोपा आहे. ‘द अर्ली बर्ड कॅचेस द वर्म’, ‘अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’, ‘इट टेक्स टू टू टँगो’ अशा सार्वकालिक सत्य सांगणाऱ्या वाक्यांत साधा वर्तमानकाळ पक्का असतो आणि कर्ता बहुधा तृतीयपुरुषी एकवचनी, म्हणून ‘एस’ प्रत्ययाच्या उच्चारासाठी मी म्हणींचाच उपयोग करते. ‘टेक्स’मध्ये तो स ऐकू येतो, ‘गॅदर्स’मध्ये ‘माझा’ या शब्दातल्या झसारखा, आणि ‘कॅचेस’मध्ये उच्चाराचा एक जादा तुकडा येऊन ‘इझ’सारखा.

काही वाक्प्रचार मात्र सगळी रूपे सहज घेतात, आणि सरावासाठी मला तेच अधिक मोलाचे वाटतात. रात्रीचा दिवस करणे या अर्थाचा ‘बर्न द मिडनाइट ऑइल’ पाहा. ‘शी बर्न्स’ म्हटले की ती तिची सवय होते, ‘शी इज बर्निंग’ म्हटले की सध्याची धावपळ, आणि ‘शी हॅज बीन बर्निंग द मिडनाइट ऑइल फॉर थ्री वीक्स’ म्हटले की तीन आठवड्यांपूर्वी सुरू होऊन अजून न संपलेली मेहनत. या शेवटच्या रूपापाशीच मी सध्या अडले आहे. ‘तीन आठवड्यांपासून जागते आहे’ या मराठी रचनेच्या सवयीने मी ‘इज बर्निंग सिन्स थ्री वीक्स’ म्हणते. यात क्रियापद चुकतेच, शिवाय ‘पासून’ या एकाच शब्दासाठी इंग्रजीत दोन शब्द आहेत, हेही विसरले जाते: आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’, कालावधी सांगताना ‘फॉर’.

महिनाअखेरीस स्वतःची तोंडी चाचणी घेतली. नव्या पद्धतीने लिहिलेल्या 40 वाक्प्रचारांपैकी 31 योग्य रूपासह आले. चुकलेल्या 9 पैकी 6 ‘हॅज बीन’चे होते. आठव्या महिन्यात नवे वाक्प्रचार वहीत घेणार नाही. रोजचा अर्धा तास ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्या वाक्यांनाच देणार आहे, आणि प्रत्येक वाक्य आधी आरंभबिंदू धरून, मग कालावधी धरून, असे दोनदा म्हणणार आहे.