फळ्याचा डावा कोपरा

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे पाचवी ‘ब’चा फळा उभा राहिला. त्याचा डावीकडचा हातभर कोपरा बाईंचा. तिथलं अक्षर पुसायची मुभा गणिताच्या सरांनाही नव्हती.

त्या कोपऱ्यात रोज एकाचा ‘घरचा शब्द’ लागायचा. पुस्तकात नसलेला, पण घरी बोलला जाणारा. कोकणातल्या मुलाने ‘आगोट’ आणला, साताऱ्याकडच्या मुलीने ‘वळचण’. माझी पाळी आली १९८१च्या पावसाळ्यात. मी म्हटलं, ‘खाडा’. वडील कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. कामावर गेलं नाही की खाडा पडतो, हे आमच्या घरात रोजचं. वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी शांतपणे खडू उचलला आणि एकाखाली एक लिहिलं : हजेरी, पगार, खाडा.

“हजेरी अरबी-फारसीतून आली, पगार पोर्तुगिजांकडून आणि खाडा ह्याच्या बाबांकडून. तिन्ही आता आपले.”

मी बाकावर बसलो तेव्हा माझे कान तापले होते, पण लाजेने नव्हे. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मॉनिटर ओरडला, “बाई, आज दोन खाडे!”

बाईंनी शब्द दहादा लिहून आणायला कधी सांगितलं नाही. आजचा शब्द उद्या प्रश्नात यायचा, आठवड्याने शुद्धलेखनात, महिन्याने निबंधात. अर्थ सांगायला उठलं की त्या म्हणायच्या, “अर्थ नको, वाक्य दे.” तीन निरनिराळी वाक्यं जमली की मगच “घे, झाला तुझा.” अडलंच तर कपाटातला मोल्सवर्थचा जाडजूड मराठी-इंग्रजी शब्दकोश आमच्यातले दोघं मिळून उचलून आणायचे.

आज मी महापालिकेच्या रुग्णालयात विभागप्रमुख आहे, आणि माझ्या निदानात बाईंचा वाटा आहे असं मी मनापासून मानतो. नवे डॉक्टर केसपेपरवर सरसकट ‘पेन’ लिहितात. मी त्यांना परत खाटेपाशी पाठवतो. ठणका आहे, कळ आहे, चमक आहे, की पेटके येतात? आजी ‘उसण भरली’ म्हणाल्या, तर तेच लिहा. दुखण्याचं नाव पेशंटला ठाऊक असतं. माझी स्वतःची मुलं मात्र इंग्रजी शाळेत शिकली, त्यांना तिडीक म्हणजे काय ते सांगावं लागतं. ही बोच मला आहे.

एक गोष्ट फार उशिरा कळली. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले आणि आमच्या घरातून ‘खाडा’ हा शब्दच गेला. त्याच सुमारास बाईंनी ‘घरचा शब्द’ थांबवून ‘रस्त्यावरचा शब्द’ सुरू केला. निम्म्या वर्गाच्या घरी तेव्हा कसले शब्द होते, हे त्यांना माहीत होतं. आम्ही बापडे हातगाडी, लादी, झावळी असं काहीबाही आणत राहिलो. एकाच्या तोंडून मात्र ‘उसनवार’ निघून गेलं. वर्ग गप्प झाला. बाईंनी तो शब्द फळ्यावर नीट लिहिला, आणि वाक्य त्या दिवशी कुणाकडे मागितलं नाही. स्वतःच लिहिलं :

चंद्र सूर्याकडून उजेड उसनवार घेतो.