उंदीर किती दचकला?

आठ लॅबना ईमेल पाठवले, एकीकडूनही उत्तर आलं नाही. आज ते वाचले की माझं मलाच हसू येतं. 'स्किझोफ्रेनियाच्या नव्या उपचारांवर काम करण्याची खूप इच्छा आहे' एवढंच. इच्छा सगळ्यांनाच असते.

नवव्या ईमेलमध्ये फक्त एक शंका लिहिली. झॅनोमेलिन हे औषध आधी अल्झायमरसाठी आजमावलं गेलं आणि मळमळ-उलट्यांपायी मागे पडलं. पुढे ट्रॉस्पियम या दुसऱ्या औषधाच्या जोडीने तेच २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झालं. ट्रॉस्पियम मेंदूत फारसं शिरत नाही, बाकी शरीरातला त्रास तेवढा आवरतं, हे कळलं. पण मेंदूतलं डोपामाइन हे रसायन जिथे चिकटतं ते रिसेप्टर नेहमीची औषधं अडवतात; ते न अडवता भास कमी होतात कसे? दोन दिवसांत उत्तर आलं: "ये, बोलू."

मार्कांचा विषयच निघाला नाही. मॅडमनी विचारलं, "तेच तेच काम रोज करायचा कंटाळा येतो का गं?" "नाही," म्हणाले. साफ खोटं.

आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांचं प्रशिक्षण आणि परवानगी, मग उंदीर नुसता हातात घ्यायचा सराव. शेपटीला धरून उचलायचा नाही; दोन्ही हातांची ओंजळ करायची. पहिल्या दिवशी माझी ओंजळ उंदरापेक्षा जास्त थरथरत होती.

खरं काम म्हणजे दचकणं मोजणं. उंदीर एका नळीत, खाली सेन्सर. १२० डेसिबलचा आवाज झाला की तो दचकतो. पण त्याच्या १०० मिलिसेकंद आधी हलका आवाज दिला, तर कमी दचकतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांमध्ये ही घट सरासरीने कमी भरते, म्हणून नवं औषध तपासताना ही चाचणी लावतात. उंदराला भास होतात का, हे त्याला कोण विचारणार? आपल्या हाती येतो तो एवढाच धागा.

बाटल्यांवर नुसते 'क' आणि 'ख'. औषध कशात, पाणी कशात, मला माहीत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एका पेटीचा सेन्सर कॅलिब्रेट करायचा राहिला आणि त्या पेटीची तीन दिवसांची आकडेवारी बाद झाली. मी वहीचं पान फाडणार होते. मॅडम म्हणाल्या, "फाडू नकोस. काय चुकलं ते त्याच पानावर लिही, तारीख टाक."

शेवटी कोड उघडला. 'क' आणि 'ख' मध्ये काडीचा फरक नव्हता. मॅडमनी मान डोलावली आणि दुप्पट डोसचा तक्ता आखायला घेतला. सोमवारी सकाळी आठला परत नळ्या पुसायच्या होत्या.